नाट्यगृहाचा कायम करार घ्यावा का? बेलग्रेडच्या एका सोप्रानोच्या कारकिर्दीवरून सविस्तर उत्तर

प्रश्न एका वडिलांचा आहे. त्यांची मुलगी सत्तावीस वर्षांची. पुण्यात सुरुवातीचं शिक्षण झालं, मग जर्मनीत जाऊन तिनं ऑपेरा गायनाची पदवी घेतली. आता तिथल्या एका मध्यम आकाराच्या शहरातल्या नाट्यगृहानं तिला दोन वर्षांचा करार देऊ केला आहे. दरमहा पगार मिळेल आणि त्या घराची, म्हणजे त्या नाट्यगृहाची, स्वतःची गायिका म्हणून नेमणूक होईल. 'कायम करार' म्हणते ते याच अर्थानं. दरम्यान वडिलांनी रादमिला बाकोचेविच या सर्बियन सोप्रानोचं, म्हणजे सर्वात उंच स्त्री-आवाजाच्या गायिकेचं, एक जुनं ध्वनिमुद्रण ऐकलं. त्या आवाजानं ते भारावून गेले, पण पुढे वाचल्यावर बेचैन झाले. ते विचारतात, "एवढा आवाज असून ही बाई आयुष्यभर बेलग्रेडच्याच नाट्यगृहात का राहिली? जगप्रसिद्ध सोप्रानो मारिया कॅलससारखं तिचं नाव घरोघरी का गेलं नाही? माझ्या मुलीनं हा करार घेतला तर तीही अशीच एका गावात अडकून पडेल का?"

मी कोरेपेटिटर आहे. म्हणजे पियानोवर बसून गायकांच्या भूमिका बसवून घेणारी. जर्मन भाषिक नाट्यगृहांत माझं बरंच आयुष्य गेलं आणि तिथं बेलग्रेड, नोव्ही साद, झाग्रेब इथून आलेल्या गायकांबरोबर भरपूर काम केलं. त्यामुळे दोन्ही बाजूंबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

तुम्ही प्रसिद्धीबद्दल विचारताय, पण तुमच्या लेकीपुढचा खरा प्रश्न वेगळा आहे. पुढची दहा वर्षं ती कोणत्या भूमिका, कोणत्या क्रमानं गाणार आणि ते ठरवण्यात तिचा शब्द किती चालणार, हा तो प्रश्न. बाकोचेविच यांच्याकडे या नजरेनं पाहिलं तर त्या 'अडकल्या' असं मला अजिबात वाटत नाही. हव्या त्या वयात हवी ती भूमिका गायला मिळणं फार थोड्या गायिकांच्या वाट्याला येतं, आणि ते त्यांच्या वाट्याला आलं.

आधी एक स्पष्ट करते. मुलीचा आवाज मी ऐकलेला नाही, करारही वाचलेला नाही. हलक्या, चपळ आवाजाला एक सल्ला लागू पडतो आणि भरदार, अजून पिकायच्या आवाजाला बरोबर उलटा. नाट्यगृहाचा संगीत दिग्दर्शक कसा आहे यावरही निम्मं अवलंबून असतं. म्हणून मी 'घ्या' किंवा 'सोडा' असं सांगणार नाही. कशाकडे बघून ठरवायचं ते सांगते.

बाकोचेविच यांचा जन्म १९३३ चा, पश्चिम सर्बियातल्या गुचा या छोट्या गावातला. हे गाव आज जगाला माहीत आहे ते १९६१ पासून तिथं भरणाऱ्या तुताऱ्यांच्या महोत्सवामुळे. ऑपेराशी त्याचा तसा काही संबंध नाही. बेलग्रेडला त्या निकोला त्स्वेयिच यांच्याकडे शिकल्या. त्स्वेयिच स्वतः बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीचे पुरुष गायक, आणि त्या काळातले बेलग्रेडचे अनेक नामवंत गायक त्यांच्या हाताखालून गेलेले. १९५० च्या दशकात त्या बेलग्रेडच्या राष्ट्रीय नाट्यगृहात गाऊ लागल्या आणि पुढची कित्येक दशकं तेच त्यांचं घर राहिलं. मिमी, व्हिओलेत्ता, बटरफ्लाय, तात्याना, तोस्का, आयदा, नॉर्मा ही त्यांनी गायलेल्या नायिकांची नावं नुसती वाचून गेली तर त्यांचं वजन कळत नाही. त्याबद्दल पुढे लिहिते. आणि त्या बाहेरही गेल्या. मिलानच्या ला स्कालात, व्हिएन्नात, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये गायल्या. दारं बंद होती म्हणून त्या घरी राहिल्या असं झालेलं नाही. बाहेर गाऊन त्या घरी परतत राहिल्या.

आता ते घर कसं होतं ते बघू, कारण सगळं त्यातच आहे. बेलग्रेडचं राष्ट्रीय नाट्यगृह १८६९ साली उघडलं. ते प्रजासत्ताक चौकात आहे आणि समोर राजपुत्र मिहाइलोचा अश्वारूढ पुतळा. बेलग्रेडचे लोक एकमेकांना भेटायला बोलावतात ते अजूनही 'घोड्यापाशी'. नाटक, ऑपेरा आणि बॅले अशी तिन्ही मंडळं या एकाच रंगमंचावर आळीपाळीनं येतात. म्हणजे ऑपेरा रोज नसतो, आणि असतो तेव्हा आज एक तर चार दिवसांनी दुसरा. कायम गायक, कायम वाद्यवृंद, कायम कोरस आणि फिरता कार्यक्रम, याला रेपर्टरी पद्धत म्हणतात. आपल्या जुन्या संगीत नाटक मंडळ्या आठवा: नट पगारावर, आज एक नाटक, उद्या दुसरं, आणि एकच नट वर्षानुवर्षं भूमिका बदलत, वाढत जाणारा. गंधर्व नाटक मंडळीचा प्रेक्षक जसा एकाच नटाला पुन्हा पुन्हा बघायला येई, तसाच बेलग्रेडचा रसिक आपल्या गायिकेची तोस्का पुन्हा पुन्हा ऐकायला येई.

हे सभागृह काही शेकडा आसनांचं आहे. मेट्रोपॉलिटनमध्ये सुमारे ३८०० माणसं बसतात. ऑपेरात मायक्रोफोन नसतो, म्हणून हा फरक थेट गळ्यावर येतो. सव्वीस-सत्तावीस वर्षांची गायिका लहान सभागृहात इटालियन रचनाकार पुच्चिनीचा ऑपेरा गाते तेव्हा तिला आवाज ढकलावा लागत नाही. हळू स्वर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो, आणि तो पोहोचतो हे तिला समोरून कळतं. त्याच वयात तीच भूमिका अतिमोठ्या सभागृहात गायली तर दुसऱ्या अंकापासून मान आणि जबडा ताठ होऊ लागतो. हे माझ्या रोजच्या कामातलं निरीक्षण आहे. पियानोपाशी उभी असताना मोकळी गाणारी मुलगी वाद्यवृंदाबरोबरच्या पहिल्या तालमीनंतर परत येते तेव्हा तिच्या मधल्या सप्तकात एक कोरडेपणा आलेला असतो. तो दोन दिवसांत गेला तर ठीक. राहिला तर भूमिका लवकर आली असं समजायचं.

बाकोचेविच घरात आल्या तेव्हा घर भरलेलं होतं, हीही मोलाची गोष्ट. १९४५ ते १९५९ या काळात वाद्यवृंद संचालक ऑस्कर दानोन यांनी बेलग्रेडचा ऑपेरा जवळपास नव्यानं उभा केला. १९१७ च्या क्रांतीनंतर रशियातून निर्वासित होऊन आलेल्या कलावंतांनी महायुद्धाआधीच तिथं रशियन ऑपेराची परंपरा रुजवली होती. त्यावर दानोन यांनी एवढं मजबूत मंडळ बांधलं, की १९५५ साली डेक्का कंपनीनं बेलग्रेडला येऊन सात रशियन ऑपेरा संपूर्ण ध्वनिमुद्रित केले. त्यात 'बोरिस गोदुनोव', 'प्रिन्स इगोर', 'येव्गेनी ओनेगिन' होते. बास (सर्वात खालचा पुरुष-आवाज) मिरोस्लाव चांगालोविच, बॅरिटोन दुशान पोपोविच, मेझो (सोप्रानोखालचा स्त्री-आवाज) मेलानिया बुगारिनोविच आणि सोप्रानो वालेरिया हायबाल ही सगळी एकाच घरातली माणसं. १९६२ च्या एडिंबरा महोत्सवात हे मंडळ पाहुणं म्हणून गेलं. ज्या घरात हायबालसारखी अनुभवी सोप्रानो तात्याना आणि लिझा या मोठ्या भूमिका गातेय, तिथं बाविशीच्या नवख्या मुलीवर जड भूमिका लादायची गरजच कुणाला पडत नाही. नवी गायिका मोठ्यांना पडद्याआडून ऐकत शिकते.

पुढे त्यांच्या बरोबरीला आणखी गायिका आल्या. मिल्का स्तोयानोविच (१९३७–२०२३) या बेलग्रेडच्याच. त्यांनीही १९६० पासून तीन दशकांहून अधिक काळ हेच घर सांभाळलं आणि तेवढ्या काळात त्याही मेट्रोपॉलिटनला गाऊन आल्या. रादमिला स्मिल्यानिच होत्या. एकाच वेळी तीन-चार अव्वल सोप्रानो असल्या की ईर्ष्या येते, ती बेलग्रेडलाही आलीच असणार. पण आठवड्यातल्या तीन मोठ्या भूमिका एकीच्याच गळ्यात पडत नाहीत. आवाजाला दोन-तीन दिवस विसावा मिळतो. मोठी भूमिका गायल्यावर स्वरतंतूंना सूज असते. ती उतरायच्या आत पुन्हा गायलं की नुकसान साठत जातं. हे गणित प्रत्येक गायिकेला माहीत असतं, पण स्वतंत्रपणे काम करणारीला ते पाळता येतंच असं नाही. ठरलेला प्रयोग रद्द केला की मानधन गेलं. पगारदार गायिका आजारी पडली तर पगार चालू राहतो, आणि तिच्या जागी उभी राहायला घरातलीच दुसरी असते.

आता वर दिलेल्या भूमिकांकडे येते.

ऑपेरात सोप्रानो आवाजाचे प्रकार मानतात. हलका सुब्रेट, मग लिरिक, मग स्पिंटो, मग ड्रामॅटिक. स्पिंटो म्हणजे लिरिकचा गोडवा राखून गरज पडेल तेव्हा वाद्यवृंद चिरून वर येणारा आवाज. बाकोचेविच यांचा आवाज या जातीचा. असा आवाज पंचविशीत तयार नसतो. तो लिरिक म्हणून सुरू होतो, आणि तिशी ओलांडता ओलांडता त्यात धातू येतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. मिमी ही पुच्चिनीच्या 'ला बोहेम'मधली भूमिका. तो ऑपेरा १८९६ साली रंगमंचावर आला. तिचं पहिल्या अंकातलं गाणं बोलल्यासारखं, जवळजवळ लाजत सुरू होतं. मग वसंतातल्या पहिल्या उन्हाचा उल्लेख येतो आणि सगळी तंतुवाद्यं गायिकेबरोबर तेच सूर धरून फुगतात. माझ्यासमोर बसलेली तरुण गायिका हमखास इथंच जोर लावते. मी पियानो थांबवते आणि तीच ओळ नुसत्या आ-कारावर, अर्ध्या आवाजात गाऊन घेते. खाली तंतुवाद्यं उचलून धरताहेत, तुला वर काही ओढायचं नाही, हे तिला अंगानं कळायला वेळ लागतो. मिमीत हे कळलं की बटरफ्लायकडे जाता येतं. तीही लवकर घेऊ नये. एकदा प्रवेश केल्यावर ती शेवटपर्यंत जवळपास सतत रंगमंचावर असते आणि आवाजाइतकीच शरीराची परीक्षा होते.

आयदा वेगळीच. तिसऱ्या अंकात नाईलकाठी ती मातृभूमी आठवत एकटी गाते. ओबो तिच्याबरोबर असतो. शेवटाकडे स्वर चढत चढत वरच्या सा-पर्यंत, म्हणजे पाश्चात्त्य लेखनातल्या 'सी'पर्यंत जातो, आणि तिथं रचनाकार व्हेर्दीनं लिहून ठेवलंय: मधुर. जोरात नाही. दुसऱ्या अंकात अख्खा कोरस, कर्णे, सगळ्यांच्या वर उठून गायलेली बाई आता तोच गळा घेऊन त्या स्वराला रेशमासारखं स्पर्श करणार. आणि लगेच पाठोपाठ वडिलांबरोबरचं आणि प्रियकराबरोबरचं अशी दोन प्रचंड द्वंद्वगीतं. मी हा प्रसंग बसवून घेते तेव्हा आधी द्वंद्वगीतं गाऊन घेते आणि मग, थकलेल्या गळ्यानं, तो एकच स्वर. थकल्यावर हळू गाता येत असेल तर भूमिका तयार आहे. नुसता ताज्या गळ्यानं लागत असेल तर दोन वर्षं थांबावं. नॉर्माबद्दल मी इथं लिहीत नाही. बेल्लिनीची लांबच लांब ओळ, त्यात कलरातुरा, म्हणजे द्रुत ताना, त्यात भेदक नाट्य. ज्या गायिकेच्या यादीत मिमीपासून नॉर्मापर्यंत सगळं आहे आणि आवाज तरीही दशकानुदशकं टिकला, तिच्या कारकिर्दीत क्रम कुणीतरी नीट सांभाळला होता हे मी डोळे झाकून सांगेन. तो तिनं सांभाळला, तिच्या गुरूनं सांभाळला आणि घरानं तिला तो सांभाळू दिला.

इथं कॅलसची तुलना टाळता येत नाही. तुम्हीच काढली आहे. मारिया कॅलस १९६५ च्या जुलैत लंडनला 'तोस्का' गायल्या आणि तो त्यांचा रंगमंचावरचा शेवटचा ऑपेरा ठरला. तेव्हा त्या ४१ वर्षांच्या होत्या. त्या आधी एवढ्या लवकर एवढ्या जड आणि एवढ्या भिन्न भूमिका त्यांनी गायल्या की त्याचा आवाजावर परिणाम झाला, असं अनेक जाणकार मानतात. कारणांवर वाद आहे, आणि त्यांनी दिलं ते पुन्हा कुणी देऊ शकलेलं नाही. पण लोक ज्या वयाला स्पिंटोचा ऐन बहर म्हणतात, त्या वयात त्यांचा रंगमंच संपला होता. नाव किती मोठं झालं यावर कारकीर्द मोजायची का, हे तुम्ही आणि मुलीनं मिळून ठरवा. मला विचाराल तर मी चाळिशीनंतरच्या ध्वनिमुद्रणावरून मोजते.

मग बाकोचेविच यांचं नाव जगभर का गेलं नाही? माझ्या मते याची कारणं त्यांच्या आवाजात नाहीत, त्या काळाच्या बाजारात आहेत. त्या पिढीत जगभर नाव होई ते ध्वनिमुद्रिकांमुळे. डेक्काकडे रेनाता तेबाल्दी होत्या, ई.एम.आय.कडे कॅलस. इटालियन ऑपेरांची संपूर्ण ध्वनिमुद्रणं या नावांभोवती फिरत होती. डेक्का बेलग्रेडला आली ती रशियन ऑपेरांसाठी, कारण ते कसलेलं मंडळ तिथं तयार होतं. आणि आली तेव्हा बाकोचेविच जेमतेम बावीस वर्षांच्या होत्या. पुढे त्यांचं घर व्हेर्दी आणि पुच्चिनीत झालं, ज्यासाठी कंपन्यांना बेलग्रेडला यायचं कारण नव्हतं. आज तुम्हाला त्यांचं जे ऐकायला मिळतं त्यातलं बरंचसं प्रयोगांतून किंवा रेडिओवरून उरलेलं आहे. आवाज तोच, फक्त तो विकणारी यंत्रणा मागे नव्हती.

दुसरं कारण भाषेचं. त्या काळी बेलग्रेडला इटालियन आणि फ्रेंच ऑपेरा बहुधा सर्बियन भाषांतरातच गात. प्रेक्षकाला शब्द कळावा म्हणून ते योग्यच होतं. पण बाहेर जायचं तर प्रत्येक भूमिका इटालियनमध्ये पुन्हा शिकायची. आधीच्या पिढीतल्या झाग्रेबच्या झिंका मिलानोव्ह यांनाही १९३७ साली मेट्रोपॉलिटनला जाताना हेच करावं लागलं होतं. इटालियनमध्ये नव्यानं भूमिका बसवणं ही करारातलीच अट होती. बाहेरून बघणाऱ्याला हे पाठांतराचं काम वाटतं. खरं काम गळ्याचं असतं. व्हेर्दीनं उंच सुरावर विचार करून शब्दातला मोकळा उच्चार, आ-कारासारखा, ठेवलेला असतो. भाषांतरात त्या जागी दुसराच उच्चार येतो, आणि गायिकेचं शरीर त्या दुसऱ्या उच्चाराला सरावतं. मूळ भाषेत ती जागा सोपी व्हायला हवी, पण सवयीमुळे सुरुवातीला उलट अवघड जाते. मी अशा भूमिका उलगडून पुन्हा बांधल्या आहेत. नवी भूमिका शिकण्यापेक्षा त्याला जास्त धीर लागतो.

आणि पारपत्र. युगोस्लाव्हिया १९४८ साली सोव्हिएत गटातून बाहेर पडला, त्यामुळे तिथल्या कलावंताला पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे दोन्हीकडे जाता यायचं. प्राग किंवा बुडापेस्टच्या गायिकेला असं सहज निघता येत नसे. म्हणून बेलग्रेडच्या गायिकेपुढे 'कायमचं जा किंवा कायमचं राहा' असा प्रश्नच नव्हता. ती चार प्रयोग बाहेर करून घरी परतू शकायची. ही सोय घर आणि देश दोन्ही शाबूत असेपर्यंतच असते. १९९२ च्या मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांनी युगोस्लाव्हियावर निर्बंध लादले आणि त्यात सांस्कृतिक देवाणघेवाणही आली. १९९४ साली ती मोकळी झाली. मधल्या काळात दिनारची किंमत सकाळची संध्याकाळी उरत नव्हती. तेव्हा विशी-पंचविशीत असलेल्या सोप्रानोंना ना बाहेरचं निमंत्रण, ना घरचा पगार पुरेसा. त्यातल्या काही मला पुढे जर्मन नाट्यगृहांत भेटल्या, तिशी ओलांडलेल्या आणि पहिल्यांदाच चाचणी द्यायला आलेल्या. शिक्षण चोख होतं, पण घडायची वर्षं हातातून गेली होती. म्हणून मी कायम कराराची बाजू घेते तेव्हा तो कुठंही, कधीही चांगलाच असं मुळीच म्हणत नाही.

आता तुमच्या लेकीकडे. बेलग्रेडचं घर १९५० च्या दशकात भरलेलं होतं हे मी मुद्दाम लांबवून सांगितलं. आजच्या जर्मनीतलं मध्यम नाट्यगृह बहुधा भरलेलं नसतं. कायम गायकांची संख्या कमी केलेली असते, आणि दोन-तीन सोप्रानोंवर वर्ष काढायचं असतं. धोका तिथं आहे. लिरिक म्हणून घेतलेल्या मुलीला दुसऱ्याच हंगामात 'तू करशील ना?' असं गोड बोलून तोस्का दिली जाते, कारण पाहुणी बोलवायला पैसे नाहीत. नव्या गायिकेला नकार द्यायला जड जातं. जर्मन करारात नूतनीकरण न करण्याची सूचना नाट्यगृहाला ३१ ऑक्टोबरपर्यंत द्यावी लागते, ती पुढच्या उन्हाळ्यात संपणाऱ्या कराराबद्दल. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरात कुणी काही विचारलं की गायिका मान डोलावते. मुलीला हे आधीच माहीत असू द्या. नकार द्यायची भाषा ती शिकू शकते: "ही भूमिका मला हवी आहे, तीन वर्षांनी. या हंगामात मी अमुक गाऊ शकते." पर्याय पुढे ठेवला की समजूतदार दिग्दर्शक ऐकतो. ऐकत नसेल तर ते घर कसं आहे ते वेळेत कळलं.

सही करण्यापूर्वी तिनं पहिल्या हंगामातल्या भूमिका नावानिशी लेखी मागाव्यात. तोंडी आश्वासनावर राहू नये. त्यात मोत्सार्टची एखादी मुख्य भूमिका असेल, पामिना किंवा काउंटेस, तर मला हायसं वाटेल. मोत्सार्ट गळा स्वच्छ ठेवतो आणि लबाडी करू देत नाही. सोबत मिमी किंवा मिकाएला असेल तर उत्तम. सगळ्या भूमिका दुय्यम असतील तरी पहिल्या वर्षी हरकत नाही, फक्त एखाद्या मुख्य भूमिकेची पर्यायी गायिका म्हणून तालमी करायला मिळतील का हे विचारावं. जड भूमिका पहिल्याच वर्षी असतील तर मात्र मी हा करार घेऊ नये असं सांगेन, पगार कितीही चांगला असो.

पाहुणी म्हणून बाहेर गायला रजा मिळते का, किती दिवस आधी मागावी लागते आणि ती नाकारायचा अधिकार कुणाकडे, हे दुसरं बघायचं. बाकोचेविच यांची कारकीर्द याच कलमावर उभी होती. घरानं बाहेर सोडलं म्हणून ला स्काला झालं. काही नाट्यगृहं रजा देताना खळखळ करतात, आणि मग खरोखरच अडकायला होतं. त्या घरात गेल्या काही वर्षांत कोण कोण बाहेर गाऊन आलं हे आधीच्या गायकांना विचारलं की चित्र स्पष्ट होतं. गायक एकमेकांना याबद्दल खरं सांगतात.

एका माणसाची चौकशी मात्र नक्की करा: तिथला मुख्य कोरेपेटिटर. माझाच व्यवसाय म्हणून म्हणत नाही. संगीत दिग्दर्शक तालमीच्या शेवटी येतो, पण आठवडेन् आठवडे गायिकेच्या समोर बसून ऐकतो तो कोरेपेटिटर. आवाजात थकवा आला हे तिच्याआधी त्याला कळतं. तो तिच्या बाजूनं आत जाऊन बोलणारा असेल तर छोटं शहरही चालेल. चाचणीच्या दिवशी ज्यानं पियानो वाजवला तोच बहुधा असतो. त्यानं तिला श्वासाला जागा दिली का, की स्वतःच्या लयीत पुढे निघून गेला, हे तिला आठवत असेल. तिला विचारा.

किती वर्षं राहायचं याचंही उत्तर देते, कारण तुमच्या प्रश्नाच्या शेवटी तीच भीती आहे. आज जर्मनीत गायक एका घरी बहुधा काही हंगामच राहतात आणि मग मोठ्या घराकडे किंवा स्वतंत्र कामाकडे जातात. पंधरा वर्षं सलग झाली की गायकाला तिथून काढणं जवळपास अशक्य होतं, आणि म्हणूनच बरीच नाट्यगृहं त्याआधी करार थांबवतात. बाकोचेविच यांच्यासारखं आयुष्यभर एका घरात राहणं आज तुमच्या मुलीनं ठरवलं तरी सहसा जमणार नाही. त्यामुळे त्या भीतीपोटी करार सोडू नका. भूमिकांची यादी आणि रजेचं कलम हातात आलं की इथं लिहा, आणि जमल्यास मुलीचं अलीकडचं, सभागृहातलं एक ध्वनिमुद्रण जोडा. खोलीतलं नको, सभागृहातलंच हवं. मग कोणती भूमिका घ्यावी आणि कोणती थांबवावी ते मी नावानिशी सांगू शकेन.